मधुअण्णाला मरू द्यायचं नाही

तिपटूरच्या सण्णतिम्माला जमिनीवर फारसं काही जमायचं नाही. सायकलवर बसला की पडायचा, पंगतीत वाढायला घेतलं की सांबार कुणाच्या तरी मांडीवर जायचं, आणि बाजारात तो घासाघीस करायला लागला की दुकानदाराला हुरूप येऊन भाव उलट वर जायचा. पण पायात दोरीचा फास अडकवून तो नारळाच्या बुंध्याला भिडला, की बघणाऱ्याने मान वर करेपर्यंत हा शेंड्यावर. वर बसून गाणी म्हणायचा, विडी ओढायचा, शेजारच्या बागेतलं भांडण ऐकून खाली जाहीर करायचा. थोरला भाऊ दोड्डतिम्मा खाली उभा राहून नारळ मोजून घ्यायचा. मोजणाऱ्याचं घर स्लॅबचं झालं, चढणाऱ्याचं कौलारूच राहिलं. सण्णतिम्माला त्याचं काही वाटलं नाही. स्लॅबवर काय जिन्यानेसुद्धा जाता येतं, असं तो म्हणे.

या गुणाची गावात खरी कदर झाली ती मधुकेशमुळे. मधुकेशचा नवा पिक्चर लागला की गौरी टॉकीजसमोर छपराहून उंच कटआऊट उभा राहायचा आणि त्याच्या डोक्यावर दुधाचा अभिषेक व्हायचा. पहिल्या खेपेला अभिमानी संघाच्या, म्हणजे त्याच्या चाहत्यांच्या, पोरांनी शिडी लावली ती मधुअण्णाच्या कमरेपर्यंतच पोचली. कमरेवर दूध ओतणं बरं दिसेना. मग कुणीतरी सण्णतिम्माला बोलावून आणलं. त्याने कळशी पाठीला बांधली, बांबू धरून चढला, मधुअण्णाच्या खांद्यावर पाय टाकून बसला आणि सगळं दूध मस्तकावर ओतलं. खाली ढोल, शिट्ट्या, फटाके. त्या दिवसापासून सण्णतिम्माचा तिम्मण्णा झाला.

संघाचा अध्यक्ष होता बसवराजू. बसस्टँडजवळ त्याचं झेरॉक्सचं दुकान, आणि डोळा आमदारकीवर. तो माइकवरून ओरडायचा, "मधुअण्णाच्या खांद्यावर पाय ठेवायचा हक्क जगात एकाच माणसाला आहे!" तिम्मण्णा वरूनच हात जोडायचा. हात जोडले की कळशी सुटायची आणि कुणाच्या तरी डोक्यात बसायची. तोही प्रसादच समजला जायचा.

पुढे एकदा जवळच्याच बागेत मधुअण्णाचं शूटिंग आलं. हिरॉइनला तहान लागते आणि हिरो झाडावर चढून शहाळं काढतो, असा सीन. मधुअण्णा चढायला तयार होता, पण प्रोड्यूसर पाया पडला. मग हिरोचा शर्ट घालून तिम्मण्णाला पाठमोरा चढवला. पिक्चरमध्ये ती पाठ दिसते न दिसते तोच जाते, पण तेवढ्यात शिट्टी मारायची तिपटूरने सवय लावून घेतली.

त्या दिवशी तिम्मण्णाची बायको पुट्टलक्ष्मी दुपारचा डबा घेऊन आली होती. नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडलेल्या पिठाचा गोळा, आणि हुलग्याचं सार. मधुअण्णाला वास गेला. तो खुर्ची सोडून उठला, बुंध्याला टेकून बसला आणि सगळा डबा चाटूनपुसून खाल्ला.

"अक्का," तो म्हणाला, "आमची अम्मा गेल्यापासून असा मुद्दा आजच खाल्ला. पुन्हा आलो तर वाढशील?"

"वाढीन की. पण जरा अंगावर मांस धर. कसला हिरो तू, बरगड्या मोजून घ्याव्यात!"

तिम्मण्णा उपाशी राहिला, पण पुट्टलक्ष्मीला भाऊ मिळाला. पाठीला भाऊ नसलेली बाई ती, तिला तेवढं पुरलं. तेव्हापासून मधुअण्णाच्या पिक्चरमधली प्रत्येक हिरॉइन ती नणंदेच्या नजरेने बघायची. एकही पसंत पडली नाही.

आणि असा हा मधुअण्णा, जेमतेम चाळिशी ओलांडलेला, एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच गेला.

खोबऱ्याचा बाजार बंद झाला. बसवराजूने दुकानावर काळं फडकं बांधलं. जमेल तो माणूस जमेल त्या गाडीने बेंगळुरूला निघाला. तिम्मण्णा आणि पुट्टलक्ष्मी खोबऱ्याच्या लॉरीत पोत्यांवर बसून गेले. अंत्यदर्शनाची रांग एवढी की तिचं तोंड एका पेठेत आणि शेपूट दुसऱ्या पेठेत. दिवसभर सरकत सरकत ते मैदानाच्या फाटकापाशी आले, आणि तेवढ्यात पोलिसांनी रांग तोडली. झालं, आता नेणार, मागे फिरा.

"अहो साहेब, मी बहीण आहे त्याची!" पुट्टलक्ष्मी म्हणाली.

"आज सकाळपासून भेटलेल्या सगळ्या बहिणीच आहेत, अम्मा," पोलीस म्हणाला आणि पाठ फिरवून उभा राहिला. पुट्टलक्ष्मीला दिसली ती तेवढी खाकी पाठ.

गावात अकराव्याचा विधी संघाने केला. फोटोपुढे मधुअण्णाच्या आवडीचं पान वाढायचं ठरलं, आणि आवडीचं म्हणजे काय यावरून मारामारी व्हायची वेळ आली. कोंबडीवाले आणि चित्रान्नवाले असे दोन तट पडले. शेवटी सगळंच वाढलं. तिम्मण्णासह सगळ्यांनी डोकी तुळतुळीत केली. तो घरी आला तर पुट्टलक्ष्मी दारातच.

"हे काय? कोण वारलं?"

तिम्मण्णाला वाटलं थट्टा करतेय. "अगं, असं काय? मधुअण्णा..."

"त्याला काय झालंय?"

"अगं, टीव्हीवर दाखवलं..."

"टीव्हीवर तर दोड्डतिम्माचा जावई निवडून येणार म्हणून पण दाखवलं होतं. आला? मी डोळ्यांनी बघितलं नाही, तुम्ही बघितलं नाही. मोठा माणूस आहे, कामात असेल. आणि केस वाढेपर्यंत माझ्याशी बोलू नका, अभद्र कुठले!"

बसवराजू त्यांच्या घरातल्या फोटोला हार घालायला आला, तर तिने तो हार काढून त्याच्यादेखत गायीला खाऊ घातला. गाव रडून मोकळं झालं, पण ही बाई एक टिपूस गाळेना. रोज एक मुद्दा जास्तीचा करायची. न सांगता आला तर? संध्याकाळपर्यंत आला नाही की तो तिम्मण्णाच्या ताटात. माणूस जडावला. झाडावर चढताना मध्ये थांबून धापा टाकायला लागला. आयाबाया कुजबुजायच्या, "पुट्टक्काचं डोकं गेलं." तिम्मण्णाला डोक्याची काळजी नव्हती. ती पूर्वीच्याच ठसक्याने भांडत होती. त्याला भीती वेगळीच होती. आत कुठेतरी हिने दार लावून घेतलंय, ते कुणी धाडकन उघडलं तर ही उभी राहील का? त्यापेक्षा राहू दे बंद. आपण दोन मुद्दे खाऊ.

मग वर्ष सरता सरता मधुअण्णाचा शेवटचा पिक्चर आला. जाण्याआधी तो पुरा करून ठेवला होता म्हणे.

"बघा!" पुट्टलक्ष्मी जाहिरातीवर बोट ठेवून म्हणाली. "म्हणे मेला. मेलेली माणसं पिक्चर काढतात?" तिने ठेवणीतली मोरपंखी साडी काढली. मग घडी मोडता मोडता थांबली. "अहो, शेवट कसा आहे? त्याला काही होत नाही ना यात?"

"छे!" तिम्मण्णा म्हणाला. "केंपम्मा देवीची शपथ. मधुअण्णाला काय होतंय?"

शपथ त्याने बेधडक घेतली, कारण मधुअण्णा पडद्यावर मरत नसे. फार पूर्वी एका डायरेक्टरने त्याला मारून बघितलं होतं. राज्यभर खुर्च्या मोडल्या. आठवड्याच्या आत नवा शेवट आला, त्यात मधुअण्णा चितेवरून खोकत उठतो आणि व्हिलनला त्याच लाकडांनी बडवतो. तेव्हापासून पुन्हा कुणाची छाती झाली नाही.

पहिला खेळ भल्या सकाळी, पुरुषांचा. दुपारचा खास बायकांसाठी, संघातर्फे. तिम्मण्णाने कटआऊटवर दूध ओतलं, खाली उतरला, ओल्या लुंगीनेच आत जाऊन बसला. पिक्चर झकास चालला होता. आणि शेवटी काय, तर खळ्यात गोळी लागून मधुअण्णा आईच्या मांडीवर डोकं ठेवतो, दोन वाक्यं बोलतो आणि मरतो. खोकत उठेल म्हणून लोक थांबले. नावं आली, दिवे लागले, तरी उठला नाही.

मोडायला कुणी खुर्चीला हात घातला नाही. सगळं टॉकीज हुंदके देत होतं. तिम्मण्णाही बसवराजूच्या खांद्यावर डोकं घासून रडत होता, आणि रडता रडता त्याने एकदम डोकं वर केलं.

"बसवराजू, दुपारी आमची येणार आहे!"

"येऊ दे. सगळ्यांच्याच येणार आहेत."

"तिला नाही बघवायचं. अरे, ती अजून त्याच्यासाठी मुद्दा करते! मी शपथ घेतलीय, नाही मरत म्हणून."

बसवराजूने नाक पुसलं. त्याच्यातला आमदार जागा झाला. तो खुर्चीवर चढला आणि म्हणाला, "बंधूंनो! आपल्या पुट्टक्काच्या जिवाचा प्रश्न आहे. बाहेर कुणीही काहीही बोलायचं नाही. पिक्चर विनोदी आहे!"

बाहेर बायकांची रांग लागायलाही सुरुवात झाली होती. आतून लाल डोळ्यांचे, वर्षापूर्वीच्या टकलावर पुन्हा केस आलेले पुरुष नाकं शिंकरत बाहेर पडले.

"काय हो, कसा आहे?" एका बाईने विचारलं.

"फार... फार हसलो," असं म्हणून तिचा नवरा भिंतीला कपाळ टेकून ढसाढसा रडला.

इकडे दोघे मॅनेजर श्रीकंठय्यांच्या खोलीत. श्रीकंठय्यांनी तपकीर ओढली, सगळं ऐकून घेतलं.

"शेवटचं कापा," बसवराजू म्हणाला.

"काय कापू? आता रिळं कुठे आहेत? वरून, सॅटेलाइटने येतं, डब्यात उतरतं. मला हात लावता येत नाही."

"मग मशीन बंद करा."

"मध्येच बंद केलं तर कंपनी माझं टॉकीज बंद करील. मशीन शेवटपर्यंत चालणार. बाकी तुम्हाला काय करायचं ते करा."

तिम्मण्णाची नजर, सवयीप्रमाणे, वर गेली. आत पडद्याच्या माथ्यावर एक जुनी लाल मखमल गुंडाळून बसलेली त्याने सकाळीच पाहिली होती. पूर्वी खेळाआधी ती झालर झुलवत वर जायची. कप्पी अडकल्यापासून वर गेली ती खाली आलीच नाही. कुणी तिथवर चढणारं नव्हतं.

"मखमल सोडली तर?" तो म्हणाला. "गोळी लागायच्या आत पडदा खाली. मधुअण्णा मागे राहील. लगेच दिवे लावायचे, संपला म्हणायचं."

बसवराजूने त्याला मिठी मारली. श्रीकंठय्यांनी दोघांकडे बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा तपकीर ओढली. "सोडा," ते म्हणाले. "मखमलीला माझी ना नाही."

आता, हे दोघे काही खुळे नव्हते. पण मिसरूड फुटायच्या आधीपासून ज्या पडद्याला कापूर ओवाळला, ज्याच्यापुढे कोहळा फोडून दृष्ट काढली, तिथेच मधुअण्णाचा मुक्काम, ही गोष्ट त्यांच्या हाडात मुरलेली होती. डोक्यावरून जाणारा मशीनचा तो झोत हवेतली धूळ दाखवायला असतो, असंच ते धरून चालले होते.

मध्यंतरात तिम्मण्णा पडद्याच्या कडेने चढला आणि माथ्यावरच्या फळीवर पालथा पडला. धूळ, कबुतरांची घाण, आणि हातात एकेकाळी पांढरा असलेला दोर. मागच्या दाराशी बसवराजू हिरवा टॉवेल घेऊन उभा. टॉवेल हलला की मखमल सोडायची.

वरून पिक्चर दिसत नव्हता. दिसत होती ती खाली बसलेल्या बायकांची तोंडं, उजेडात निळी-पिवळी होणारी. मधुअण्णाच्या प्रत्येक पिक्चरला तिम्मण्णाने फक्त मधुअण्णाकडे बघितलं होतं. शेजारी बायको कशी बघते हे आज पहिल्यांदा दिसलं. ती सगळ्यांत पुढे, मोरपंखी साडीत, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली होती. मधुअण्णा पडद्यावर जेवायला बसला तर ही घास गिळत होती. त्याने हिरॉइनचा हात धरला तर नाक मुरडत होती. मारामारीत तिने पुढच्या खुर्चीच्या... पुढे खुर्चीच नव्हती, तिने शेजारणीच्या मांडीवर गुद्दा हाणला. मग कुठल्याशा विनोदाला ती अशी हसली की बाटली खाली पडली. वर्षभर हे हसू कुठे होतं? तिम्मण्णाने फळीवर गाल टेकला. हिला असंच हसताना घरी न्यायची, बस्स, एवढंच देवी.

टॉवेल हलला.

त्याने गाठ सोडली. मखमल गडगडत, धुळीचा लोट उडवत खाली आली. बायका किंचाळल्या. बसवराजू मागून ओरडला, "शुभम्! संपला, संपला! बाहेर केसरीभात आहे!"

बायकांनी पिशव्या उचलल्या. आणि बंदुकीचा बार झाला.

सगळ्या वळल्या. मखमल पडली होती, पण मधुअण्णा तिच्या मागे राहिला नव्हता. तो मखमलीवर आला होता. लालभडक, सुरकुत्या सुरकुत्यांतून, नाक एका घडीत आणि तोंड दुसऱ्या घडीत. झालरीच्या झिरमिळ्यांत त्याची आई छाती पिटत होती.

"अय्यो, हे कसं पुढे आलं?" बसवराजूच्या हातून टॉवेल पडला.

"मागून पुढे नेहमीच येतं," दाराशी उभे असलेले श्रीकंठय्या म्हणाले. "तू मला मखमलीचं विचारलंस, झोताचं विचारलं नाहीस."

पुट्टलक्ष्मी उठून उभी राहिली होती. सगळ्या टॉकीजमध्ये तेवढी एकच.

"कोणी टाकलं हे लुगडं?" ती ओरडली. "त्याचं तोंड दिसत नाहीये मला! अहो! तुम्ही वर आहात ना? मघापासून तुमची शिंक ओळखतेय मी!"

"अगं, तू घरी जा!" वरून आवाज आला. "संपला पिक्चर!"

"संपला? तो पोरगा मरतोय तिथे! तिकडे त्या पोलिसाने बघू दिलं नाही, इथे नवऱ्याने! मला एकदा नीट बघू द्याल की नाही तुम्ही लोक? वर ओढा ते!"

तिम्मण्णाने दोर ओढला. कप्पी हलेना. दोन्ही हातांनी ओढला, पाय फळीला लावून ओढला. खाली मधुअण्णा सुरकुत्यांतून पहिलं वाक्य बोलायला लागला होता. बोलायची दोनच वाक्यं होती, हे तिम्मण्णाला ठाऊक होतं. त्याने केंपम्मेचं नाव घेतलं, दोर मनगटाला गुंडाळला आणि फळीवरून खाली उडी टाकली.

कप्पी कर्रकन फिरली. तिम्मण्णा खाली आला तशी मखमल वर गेली. लुंगी वरच फळीला अडकल्याने पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीतला, धुळीने पांढराफटक झालेला नवरा कडेने अंतराळातून उतरला आणि जमिनीपासून वावभर वर लोंबकळत राहिला. पडद्यावर मधुअण्णाचा चेहरा स्वच्छ उघडा झाला.

एरवी या देखाव्यावर टॉकीज हसून कोसळलं असतं. एक बाई हसलीही, पण पुढे कुणी साथ दिली नाही.

पुट्टलक्ष्मी पडद्यापाशी गेली. मधुअण्णा खळ्यात आडवा होता, त्याचं डोकं तिच्या छातीएवढ्या उंचीवर. तिने बाटलीचं झाकण उघडलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि त्याच्या ओठांना लावलं. पाणी पडद्यावरून ओघळून खाली आलं.

"घे, तम्मा, माझ्या धाकट्या भावा," ती म्हणाली. "घाई करू नकोस. घे."

तो दुसरं वाक्य बोलला आणि त्याने डोळे मिटले. पुट्टलक्ष्मीने पडद्याला कपाळ टेकलं, आणि मग तिने असा हंबरडा फोडला की बाहेर केसरीभात वाढणाऱ्याच्या हातून डाव पडला. मागोमाग सगळ्या बायका. वर्षभर रडलेल्यासुद्धा नव्याने रडल्या.

"अगं, मी सोडू का?" लोंबकळत्या तिम्मण्णाने हळूच विचारलं. त्याचे तळवे सोलवटले होते.

"सोडलात तर बघा!" ती न वळता हुंदक्यांतून म्हणाली. "त्याची नावं येऊन संपेपर्यंत धरा."

नावं फार होती. लाइटवाले, मेकअपवाले, जेवण वाढणारे. तिम्मण्णाने प्रत्येकाला मनातल्या मनात शिवी घातली आणि दोर धरून राहिला. शेवटचं नाव गेलं, दिवे लागले, आणि तो मखमलीसकट खाली आला.

पुट्टलक्ष्मी त्याच्याकडे न बघता बाहेर गेली, ती थेट टॉकीजच्या आवारातल्या नळाखाली बसली. मोरपंखी साडीसकट, केस सोडून, डोक्यावरून पाणी. माणूस पोचवून आल्यावर करतात ती आंघोळ. बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि पदर खोचून नळाला रांग लावली.

"अहो, अहो!" श्रीकंठय्या पहिल्यांदाच धावले. "टाकी रिकामी होतेय! संध्याकाळचा खेळ आहे माझा!"

"तुमच्या दारात माणूस गेलंय," एक म्हातारी म्हणाली, "पाण्याचं काय घेऊन बसलात?"

तिम्मण्णा पायरीवर बसला होता, सोललेले हात गुडघ्यांवर उताणे ठेवून. भीती वाटत होती, पण तिच्याकडे बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. ती केस पिळत आली. डोळे सुजलेले, नाक लाल, पण वर्षभर चेहऱ्यावर चढलेलं कसलंसं लाकूड उतरलं होतं.

"आज काय सुचलं तुम्हाला?" तिने विचारलं.

"तुला सोसणार नाही असं वाटलं."

"झाडावरून माझं डोकं दिसतं तेवढंच. आतलं काय कळणार?" ती शेजारी बसली. मग म्हणाली, "भूक लागलीय. सकाळपासून काही नाही."

बसवराजू दोन द्रोण केसरीभात घेऊन आला. तिम्मण्णाला द्रोण धरता येईना. पुट्टलक्ष्मीने एक घास स्वतः खाल्ला, एक त्याच्या तोंडात घातला. भर रस्त्यावर, संध्याकाळच्या खेळाला जमलेल्या सगळ्या गावासमोर. कोपऱ्यावरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. बसवराजूलाही मोह आवरला नाही, त्यानेही एक मारली.

"ए झेरॉक्स!" पुट्टलक्ष्मी ओरडली. "अण्णाचं सुतक आहे घरात. शिट्ट्या कसल्या मारतोस? जा, आणखी थोडा भात आण. आणि तूप ओतून आण!"